दोन शिखरं, चार पंजे, एक दिवस: वसंतात कुत्र्याला घेऊन डोंगर चढताना

माझी कुत्री टिकली अचानक खाली बसली आणि मागचा पाय चावायला लागली. पहिलं शिखर झालं होतं, दुसरं समोर दिसत होतं, दोन्ही शिखरं जोडणारी डोंगराची धार फार तर वीस मिनिटांची. जवळ जाऊन बघितलं तर तिच्या बोटांच्या बेचक्यांत बोराएवढे बर्फाचे गोळे घट्ट बसलेले आणि पंजाची एक गादी कडेने चिरलेली. मागे वळून पाहिलं. बर्फावर उमटलेल्या तिच्या पावलांसोबत लाल ठिपक्यांची बारीक रांग बरीच लांबवर गेली होती. म्हणजे ती कितीतरी वेळ तशीच चालत होती, शेपटी वर करून.

कुत्र्याबरोबर डोंगरात जाण्यातली खरी अडचण ही आहे. माणूस दमला की कुरकुरतो, सावली शोधतो, "अजून किती?" म्हणून डोकं खातो. कुत्रा काहीच बोलत नाही. तुम्ही चालताय तोवर तो चालतो. कधी थांबायचं, कुठून मागे फिरायचं हे त्याच्या वतीने आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि त्यातलं निम्मं घरी बसून ठरवलेलं बरं. वसंतात तर जास्तच, कारण एका दिवसात तीन ऋतू भेटतात: पायथ्याला ऊन आणि चिखल, मधल्या जंगलात ओलावा आणि गोचिड्या, वर शिळा बर्फ आणि बोचरा वारा.

आधी कुत्र्याकडे बघा, मग नकाशाकडे

पिल्लू कितीही उड्या मारत असलं तरी त्याला दिवसभराच्या चढाईवर नेऊ नका. हाडांच्या टोकांशी जिथे वाढ होते तो भाग मऊ असतो. मोठ्या जातींमध्ये तो पक्का व्हायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, अगदी अवाढव्य जातींमध्ये त्याहूनही जास्त. त्या आधी लांब उतारांवर आदळत उतरलं तर सांध्यांचं नुकसान आयुष्यभराचं. दुसऱ्या टोकाला म्हातारी कुत्री. त्यांना नेऊच नये असं नाही, पण शिखरांचा हट्ट घरी ठेवावा.

पग, बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या जातींबद्दल मी स्पष्टच सांगतो: नको. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो तेवढाच. धापा टाकणं हेच त्याचं घाम गाळणं. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याच्यासाठी लांब चढ म्हणजे जिवाशी खेळ.

धडधाकट कुत्र्यालाही सहा ते आठ आठवड्यांची तयारी लागते. हिवाळाभर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेला कुत्रा पहिल्या उबदार रविवारी हजार मीटर चढवला, तर तो चढेलही. दुसऱ्या दिवशी उठणार नाही. आठवड्यातून दोनदा चढ-उताराचं चालणं वाढवत न्या, आणि त्यातलं काही मुद्दाम खडबडीत जमिनीवर करा. पंजांच्या गाद्या अशाच घट्ट होतात, मलम लावून नाही.

व्हेटकडे एकदा जाऊन या. रेबीजची लस, लेप्टोस्पायरोसिसची लस (साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून हा आजार पसरतो), आणि गोचिडीविरुद्धची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध. ते निघण्याच्या दिवशी नको, आधी काही दिवस दिलेलं असावं. शेवटची परीक्षा तुमची तुम्हीच घ्या: समोरून खार पळत असताना हाक मारली तर तो वळतो का? वळत नसेल तर सगळा दिवस लीशवर (बांधायच्या दोरीवर) काढायचा आहे हे धरून चला.

वाट निवडताना

अंतरापेक्षा चढ मोजा. वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बारा किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर हिशोब चार तासांच्या जरा आत बसतो. मात्र तो चांगल्या वाटेवरच्या, न थांबणाऱ्या माणसाचा. वसंतातला भुसभुशीत बर्फ, चिखल आणि प्रत्येक झुडपाची चौकशी करणारा कुत्रा धरून मी त्याची दीडपट करतो आणि वर विश्रांतीचा एक तास टाकतो. म्हणजे सात तास. हा आकडा कागदावर आला की पुष्कळ बेत आपोआप लहान होतात.

नकाशावर चार गोष्टी शोधून ठेवा. पाणी कुठे आहे. ओढे कुठे ओलांडायचे आहेत. हाताने धरून चढायचे टप्पे आहेत का. लोखंडी शिडी असेल तर ती वाट बाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या शिखरानंतर सरळ खाली उतरायला वाट आहे का. दोन-तीन शिखरं जोडणारी धार छान दिसते, पण मधून सुटकेची वाट नसेल तर एकदा चढल्यावर सगळी धार संपवावीच लागते. चिरलेल्या पंजाने ते भारी पडतं. त्या भागात कुत्र्यांना परवानगी आहे का हेही बघा. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत काही वाटा तेवढ्यापुरत्या बंद असतात.

सॅकमध्ये काय

पाणी आधी. घरी आराम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला बसल्या जागी लिटरभर. चढावर त्याहून बरंच जास्त. वाटेत खात्रीचं पाणी नसेल तर अशा कुत्र्यासाठी मी वेगळे दोन लिटर नेतो. घडीचा वाडगा लागतोच. तळहाताच्या ओंजळीतून निम्मं पाणी सांडतं.

हार्नेस (छाती-पाठीवर बसणारा पट्टा) असा घ्या की छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसेल, खांदे मोकळे राहतील आणि पाठीवर धरायला भक्कम मूठ असेल. गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुत्र्याला खडकावर ओढणं म्हणजे त्याचा गळा आवळणं. हार्नेसला ओळखीचं लॉकेट आणि त्यावर तुमचा चालू नंबर.

बूट न्यायचे असतील तर दोन आठवडे आधी घरात घालायला लावा. पहिले दोन दिवस तो पाय असे उचलेल की हसून पुरेवाट होईल, मग विसरेल. मी चारही पायांत घालून निघत नाही, पण जोडी सॅकमध्ये असते: पंजा चिरला की त्यावरचं बँडेज बर्फात टिकवायला बुटासारखं दुसरं काही नाही. टिकलीच्या त्या दिवशी ते घरी राहिले होते. माझा लोकरीचा मोजा घातला, तो शंभर पावलांत ओला झाला.

प्रथमोपचाराच्या पिशवीत गॉझ, स्वतःलाच चिकटणारं बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, जखम धुवायला सलाइन, कात्री, थर्मामीटर. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही त्याला विषारी ठरू शकतात. तुमच्या खाऊच्या पिशवीकडेही लक्ष ठेवा: चॉकलेट, बेदाणे आणि झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोडवा असलेलं च्युइंगगम हे तिन्ही कुत्र्यासाठी धोक्याचे, आणि तिन्ही नेमके ट्रेकच्याच सॅकमध्ये सापडतात.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यांना अतिरेक वाटते: कुत्र्याला पाठीवर घेता येईल अशी झोळी. विकत मिळते, जुन्या जाड चादरीचीही करता येते. मात्र आदल्या आठवड्यात एकदा कुत्र्याला तिच्यात घालून जिना चढून बघा. २५ किलोचा कुत्रा तीन किलोमीटर खाली आणता येईल का, याचं उत्तर धारेवर शोधायचं नसतं. सुट्टीच्या दिवशीही उघड्या असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वर नेटवर्क असेलच असं नाही.

निघण्याची वेळ

वसंतात पहाटे निघण्यामागे सरळ कारण आहे. रात्रीच्या थंडीने बर्फाचा वरचा थर गोठलेला असतो आणि त्यावरून चालता येतं. ऊन चढलं की तोच थर मऊ पडतो. माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, कुत्रा छातीपर्यंत. वितळलेल्या बर्फावर पोसलेल्या ओढ्यांचंही तसंच. पहाटे पाणी कमी असतं, दुपारी उशिरा सर्वात जास्त. सकाळी दगडावर पाय ठेवून ओलांडलेला ओढा परतताना कुत्र्याला वाहून नेईल एवढा फुगलेला असू शकतो. जाताना प्रत्येक ओढ्यापाशी स्वतःला विचारा: याच्यात दुप्पट पाणी असतं तर?

कुत्र्याचं खाणं निघण्याच्या दोन-तीन तास आधी आणि नेहमीपेक्षा कमी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना भरल्या पोटी दौड घातली तर पोटाला पीळ पडण्याची भीती असते, आणि ते जीवघेणं असतं. बाकीचं खाणं दिवसभरात मूठमूठ द्या.

गाडीतून उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू. पंजे एकदा उलटून बघा, बोटांमधले केस जास्त वाढले असतील तर ते आदल्या दिवशीच कापलेले हवेत. बर्फाचे गोळे त्याच केसांना धरून बसतात. पंजांना लावायचं मेण असेल तर ते बर्फ सुरू होण्याआधी लावा.

चढ: इथे उष्णता फसवते

हवा गार असते म्हणून माणूस बेसावध राहतो. कुत्र्याच्या अंगावर अजून हिवाळ्याची लव असते आणि शरीराला उन्हाची सवय मोडलेली असते. वर्षातले पहिले उबदार दिवस म्हणूनच कुत्र्यांना बाधतात, हवा २० अंशांच्या आसपास असली तरी.

दर वीस-तीस मिनिटांनी थांबून थोडं थोडं पाणी पाजा. तो बर्फ खातोय म्हणून पाणी नको, असं समजू नका. तेवढ्याने तहान भागत नाही आणि फार खाल्ला तर उलटी होते. थांबलात की बघायचं काय? धाप दोन-चार मिनिटांत ओसरायला लागते का. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय का. हिरडीवर बोट दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी असेल तर ती दमणूक नव्हे, उष्माघात आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात.

अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, जे पाणी असेल ते अंगभर ओता, विशेषतः पोट आणि जांघांवर, आणि टोपीने, नकाशाने, कशानेही वारा घाला. ओला टॉवेल पाठीवर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळाने गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा. कुत्रा लगेच टवटवीत दिसला तरी त्या दिवशीचा ट्रेक तिथेच संपला, दवाखान्यात दाखवायचंच.

वाटेवरची जनावरं

वसंत हा पिल्लांचा काळ. कोकरं, वासरं, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सगळ्यांच्या घरात एकदम पाहुणे आलेले असतात. कुरणातून जाताना लीश आखूड धरा आणि वासरं असलेल्या गाईंना लांबून वळसा घाला. गाय अंगावर आलीच तर लीश सोडून द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण गाईचा राग कुत्र्यावर असतो. सुटा कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो, आणि तुम्ही त्याला धरून ठेवलंत तर मधे तुम्ही चिरडले जाता.

सापही याच दिवसांत बिळाबाहेर येतात आणि उन्हात तापलेल्या खडकांवर पडून असतात. कुत्रा हुंगायला जातो, म्हणून चावा बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर. जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर करकचून बांधायचं नाही. त्याला चालू न देता उचलून खाली न्या आणि थेट दवाखाना गाठा. झोळी तेव्हा अतिरेक वाटत नाही.

बर्फ आणि धार

उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वाऱ्याचा झोत वेगळाच. ओढ्यात भिजलेला कुत्रा धारेवर पंधरा मिनिटं थांबला की कुडकुडायला लागतो. वर पोहोचल्यावर फोटो नंतर. आधी त्याला पुसा आणि वाऱ्याच्या आडोशाला बसवा. बारीक केसांच्या कुत्र्याला जाकीट घाला.

वसंतात धारेच्या एका अंगाला वाऱ्याने साचलेल्या बर्फाचं छज्जं पुढे आलेलं असतं. वरून ते घट्ट जमिनीसारखं दिसतं, खाली मात्र पोकळी. कुत्र्याला कडेला जाऊन खाली डोकवायची भारी हौस. धारेवर म्हणूनच लीश हवीच, आणि तुम्ही स्वतः कडेपासून चांगले आत चाला. पण कमरेला अडकवायची लीश इथे सोडून हातात घ्या. अरुंद जागी कुत्र्याने हिसडा दिला तर तो एकटा पडावा, तुम्हाला घेऊन नव्हे. वाईट वाटतं लिहिताना, पण दोघंही घसरलात तर वर आणणारं कोणी उरत नाही. ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलावर तर कुत्रा गेला म्हणून आपण जाऊ नये. तो आपल्यापेक्षा कितीतरी हलका असतो.

दर अर्ध्या तासाने चारही पंजे हातात घेऊन बघा. फक्त नजर टाकून चालत नाही, बोटं फाकवून बेचक्यात बघायचं. गोळे ओढून काढू नका, केस उपटतात. मुठीत धरून हाताच्या उबेने विरघळवा. चीर दिसली तर सलाइनने धुवा, बोटांमध्ये गॉझ घाला, बँडेज गुंडाळा आणि वर बूट. बँडेजखाली तुमचं एक बोट शिरायला हवं, नाहीतर पंजा सुजतो. गोठलेल्या थराच्या धारदार कडेने अंगठ्याचं नखही चिरतं, तेही बघा.

खडकाळ टप्प्यांसाठी माझा एकच नियम: जिथून तो उतरू शकणार नाही तिथे त्याला चढवायचं नाही. कुत्रा चढतो झकास, उतरताना अडकतो.

कुठून मागे फिरायचं

वेळ आधी ठरवा आणि पाळा. उन्हाने तापलेल्या दिवशी दुपारनंतर डोंगरावर ढग फुगायला लागतात. मी बारापर्यंत शेवटच्या शिखरावरून खाली निघतो, शिखर राहिलं तरी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर धार ताबडतोब सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जायचं नाही.

कुत्र्याकडून मिळणारे इशारे बारीक असतात. नेहमी पुढे असणारा मागे पडतो. थांबलात की बसत नाही, थेट आडवा होतो. खाऊ तोंडात घेऊन टाकून देतो. एक पाय हलका टेकवतो. यातलं एक दिसलं की मी विश्रांती घेतो, दोन दिसले की उतरतो.

उतार

थकलेले पाय, मऊ बर्फ आणि पुढे ओढणारा कुत्रा, पडायला एवढं पुरतं. त्याला मागे चालायची आज्ञा घरीच शिकवलेली असेल तर आज तिची किंमत कळते. घसाऱ्यावर (सुट्या दगडांच्या उतारावर) एका वेळी एकानेच उतरा, कुत्र्याच्या पायाखालून सुटलेले दगड खालच्याच्या डोक्यावर येतात. त्याची घाण पिशवीत भरून खाली आणा. बर्फात पुरलेली वितळल्यावर वर येते, तीही पिण्याच्या ओढ्याच्या काठावर.

घरी आल्यावर

दमून झोपण्याआधी गोचिड्या शोधा: कानांत आणि कानांमागे, पापण्यांवर, गळ्याच्या पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात. बोटांनी लव उलटी करत जायचं. रक्त न प्यालेली गोचीड तिळाएवढीही असू शकते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर, एकसारखं ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं हे उपाय करू नका, गोचीड बिथरून पोटातलं सगळं जखमेत ओकते. लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजाराचे जंतू शरीरात जायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच रात्रीची ही तपासणी महत्त्वाची. पुढचे काही आठवडे ताप, लंगडणं किंवा गडद लघवी दिसली तर व्हेटला ट्रेकची तारीख सांगा.

दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. सकाळी उठताना थोडा अवघडला असेल तर ठीक, दहा पावलांत मोकळा होतो. दोन दिवसांनीही अवघडलेलाच असेल तर दाखवून आणा.

टिकलीला त्या दिवशी निम्म्या वाटेवर मी खांद्यावर घेऊन आलो. बावीस किलो, मधून मधून कानात गरम श्वास. तिसऱ्या सकाळी मी खुंटीवरची लीश काढली. तिने अंथरुणातूनच दोनदा शेपटी आपटली आणि पंजा पुढे केला, बँडेज बदलायला.